आखाजीची सभा

१ एप्रिल २०२५, मंगळवार

आज माझ्या खाटेवर बिबडे वाळत घालण्यात आले. ऐकणाऱ्याला घटना किरकोळ वाटेल, पण ज्याची खाट जाते त्यालाच ती कळते. उन्हाळ्यात दुपारी एक ते तीन मी अंगणातल्या निंबाखाली त्या खाटेवर आडवा असतो, हे गावच्या कुत्र्यांनासुद्धा पाठ आहे. एक्कावन्न वर्षांच्या आयुष्यात निर्विवादपणे माझ्या ताब्यात असलेलं क्षेत्र एवढंच: सहा फूट बाय तीन. त्यावर आज जुनं धोतर अंथरून ज्वारीच्या या पापडांनी अतिक्रमण केलं, आणि पंचनाम्याला कोणीही आलं नाही.

"मी झोपू कुठे?" मी सौ.ला विचारलं.

"दुकानात. तिथंही तुम्ही झोपताच," कोकिळा म्हणाली. दुकान म्हणजे फाट्यावरचं माझं झेरॉक्स सेंटर. तिचं माहेर दोंडाईचा, म्हणून बोलणं शुद्ध आणि धारदार.

अंगणात नऊ बायका होत्या. मी दिसलो की बोलणं बंद, आणि सगळ्या एकदम थापायला लागतात. तीन दिवस हा उद्योग चालू आहे. संध्याकाळी डबा उघडून मोजले तर अकरा बिबडे. नऊ बायका, तीन दिवस, अकरा बिबडे. एवढ्या वेगानं फक्त सरकारी पूल बांधतात.

३ एप्रिल, गुरुवार

लोटन पाटकरी काठी टेकत दुकानात आला. दोन्ही गुडघे गेलेले, पायरी चढायला पाच मिनिटं लागली. बसल्याबसल्या म्हणाला, "सचिवभाऊ, औंदा आखाजीले मन्हं नाव नका लिखू. कुंदानं लिखा."

इथे थोडी प्रस्तावना. सोळा वर्षं फड समितीची इतिवृत्तं लिहून मला अशी सवय लागली आहे की स्वतःच्या वहीतही पार्श्वभूमी दिल्याशिवाय राहवत नाही. आमचं वाघदरे गाव नदीवरच्या जुन्या बंधाऱ्यावर जगतं. बागायत चार फडांत वाटलेली. एका फडात सगळ्यांनी एकच पीक घ्यायचं, आणि पाण्याला शेताच्या मालकानं हात लावायचा नाही. पाणी सोडायचं, वळवायचं, बंद करायचं ते पाटकऱ्यानं. त्याबद्दल त्याला सुगीत प्रत्येकाकडून धान्य मिळतं. पाटकरी वर्षाचा असतो आणि तो आखाजीच्या, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या दिवशी सभेत ठरतो, जसे गावातले सालदार ठरतात.

गेली तीन वर्षं कागदावर पाटकरी लोटन आहे, आणि पाटावर त्याची बायको कुंदाबाई. हे सगळ्यांना माहीत आहे, फक्त माझ्या रजिस्टरला माहीत नाही.

"लोटन, सभा ऐकायची नाही रे," मी म्हणालो.

"तिले काम येस, भाऊ. माले फक्त सही येस."

उठताना त्यानं खरी गोष्ट सांगितली. वाल्मीक आबांचा, म्हणजे आमच्या अध्यक्षांचा पुतण्या भूपेंद्र यंदा पाटकरी व्हायचं म्हणतोय. भूपेंद्रचं शेत पाटाच्या तोंडाशी. पाटाची किल्ली त्याच्या हातात गेली की शेवटच्या शेतापर्यंत ओलसुद्धा पोचणार नाही. आणि लोटनच्या घरी सुगीचं धान्य येणार नाही. त्या धान्याशिवाय त्या घरात दुसरं काही येत नाही.

मी "बघू" म्हणालो. सचिवानं हा शब्द फार जपून ठेवायचा असतो.

८ एप्रिल, मंगळवार

आबांच्या ओट्यावर पंचांची बैठक. मी कुंदाबाईंचं नाव काढलं. अगदी सहज, चहा ओतता ओतता काढलं, म्हणजे अंगावर आलं तर चहाकडे बघता येईल.

"बाईमानूस पाटवर?" आबा म्हणाले.

"तीन वर्षं आहेच की आबा."

"तवय ती लोटननी बायको व्हती. आते पाटकरी व्हई." आबांनी बशीतला चहा संपवला. "फरक शे."

भूपेंद्रनं लगेच मोबाइल काढून दाखवला. त्यानं पाण्याच्या पाळीसाठी ग्रुप तयार केला आहे, त्यावर बंधाऱ्याचा फोटो आणि आत स्वतःचा गॉगल लावलेला. पाटकऱ्याला गळ्यात ओळखपत्र हवं, असंही त्याचं मत पडलं. पाण्याला ओळख पटवायला बहुतेक.

तेवढ्यात चार बायका ओट्याखाली येऊन उभ्या राहिल्या. पुढे कोण, तर आमच्या सौ.! मला घाम फुटला. कोकिळेनं पदर नीट केला आणि फार नम्रपणे विनंती केली की सभेची तारीख बदलावी. आखाजीला गावच्या सुना माहेरी जातात. ज्या थोड्या जणींचं नाव नवऱ्याबरोबर उताऱ्यावर लागलं आहे, त्यांनाही सभेला बसता येत नाही. तर सभा आठवड्यानं घ्यावी.

आबा कडाडले. आखाजीची सभा आजोबा-पणजोबांपासून आखाजीलाच होते, ती हलणार नाही. मग माझ्याकडे बघितलं. मी उठलो आणि परंपरेवर सात-आठ मिनिटं बोललो. चांगलं बोललो. 'पूर्वजांनी घालून दिलेली वेळ' हे शब्द आले. पंचांनी माना डोलावल्या आणि तिथल्या तिथे ठराव झाला: सभा आखाजीलाच, सकाळी दहा वाजता, कोणत्याही कारणास्तव बदल नाही. मी लिहून घेतला. आबांनी दोनदा वाचायला लावला.

बायका मान खाली घालून गेल्या. मला वाईट वाटलं. घरी गेल्यावर समजूत घालावी म्हणून आत डोकावलो, तर कोकिळा पुरण वाटताना गुणगुणत होती. मी विचारलं, "राग नाही ना?" ती म्हणाली, "छे! किती छान बोललात. ठराव नीट लिहिलाय ना? शाईनं?"

माझ्या बायकोला माझं वक्तृत्व उशिरा का होईना कळायला लागलं आहे.

१६ एप्रिल, बुधवार

दुकानात सातबाऱ्यांची लाट आली आहे. दोन दिवसांत एकेचाळीस उतारे काढून दिले. गंमत म्हणजे कोणीच स्वतःसाठी मागत नाही. एकीला नणंदेच्या नावाचा हवा, दुसरीला लेकीच्या नावाचा, तिसरीला नवऱ्याच्या आत्याच्या नावाचा.

"कशाला लागतो गं?"

"बँकेत."

दुसरी म्हणाली, "शिष्यवृत्तीला." तिच्यामागे सत्तरीच्या शेवंताबाई उभ्या होत्या, पाटाच्या अगदी शेवटच्या शेताच्या मालकीण. त्या म्हणाल्या, "माले बी शिष्यवृत्ती."

उतारे वाचताना माझी करमणूक झाली. आमच्या गावात बाप गेला की वारस म्हणून मुलांबरोबर मुलींचीही नावं लागतात. मग भावानं बहिणीकडून हक्कसोड लिहून घ्यायची असते. पण त्यासाठी तालुक्याला जावं लागतं, बहिणीला साडी घ्यावी लागते, तिच्या नवऱ्याला जेवू घालावं लागतं; म्हणून 'पुढच्या आखाजीला करू' असं म्हणत म्हणत सगळ्यांच्या बहिणी उताऱ्यावर तशाच बसून आहेत. वाल्मीक आबांचीसुद्धा. आळस हा आमच्या गावातला स्त्रियांचा सगळ्यात मोठा हितचिंतक आहे, असं एक वाक्य सुचलं. कुठे वापरावं ते कळेना, म्हणून इथे टिपून ठेवलं.

प्रत्येक प्रतीवर दुकानाचा शिक्का मारला. धंदा चांगला झाला.

२१ एप्रिल, सोमवार

कोकिळा माझ्या धाकट्या बहिणीशी फोनवर पन्नास मिनिटं बोलली. हसून बोलली. आमच्या लग्नाला सव्वीस वर्षं झाली, या दोघींनी एकमेकींना पन्नास मिनिटं सहन केल्याची नोंद नाही. मी विचारलं, "बरं वाटत नाही का?" म्हणाली, "आखाजीला येतेय ती. दोन दिवस आधी."

मग माझ्या चुलतबहिणीला फोन. मग शेजारच्या घरची लेक शिरपूरला दिली आहे, तिला. हिची तब्येत एकदा दाखवून आणावी म्हणतो.

२३ एप्रिल, बुधवार

सकाळी माझ्या उसाची पाळी होती म्हणून पाटावर गेलो. कुंदाबाई लुगड्याचा काष्टा मारून पाटाच्या कडेनं चालत होत्या, खांद्यावर फावडं. मध्येच थांबल्या, पाय आपटला, कान दिला. मग वाकून पाटाच्या बाहेरच्या अंगाला हात घातला तर बोटभर भोक आणि त्यातून धार.

"खेकडा," म्हणाल्या. मूठभर गवत, वर चिखल, वर दगड, टाचेनं दाबलं. दोन मिनिटांत धार बंद. मी गेली तीस वर्षं याच पाटावरून जातो. मला फक्त एवढं कळलं की पाट पाण्यानं भरलेला आहे.

मी त्यांना स्पष्ट सांगितलं की आबांनी मनात भूपेंद्र धरला आहे, सभेत तुमचं काही चालणार नाही. उगाच आशेवर राहू नका.

त्यांनी फावड्याचा चिखल झाडला. "बरं व्हई. तीन आखाज्या व्हई गयात, माहेरले गयी नही. माय दरसाल इचारस, झोका बांधू का? आते पाटवर भूपेंद्रभाऊ ऱ्हाई, मी झोकावर."

हसल्या. पण हसताना माझ्याकडे बघितलं नाही, पाण्याकडे बघितलं. थोड्या वेळानं म्हणाल्या, "लोटनना औषधनं काय करसू ते फक्त समजत नही."

मी "बघू" म्हणालो नाही. चपला झटकून निघालो. वाटेत मनाशी कबूल केलं: पाणी हिला कळतं, भूपेंद्रला फोटोतलं कळतं. आणि तरीही सभेत मी भूपेंद्रचंच नाव लिहिणार आहे, कारण आबांच्या ओट्यावर मला अजून बरीच वर्षं चहा प्यायचा आहे.

२९ एप्रिल, मंगळवार

फाट्यावर प्रत्येक एसटीतून गावच्या लेकी उतरताहेत. पिशव्या, पोरं, मेंदी. दर वर्षीच येतात, पण यंदा जरा जास्तच दिसतात. पारोळ्याहून आबांच्या धाकट्या बहीण लिलाबाई आल्या, त्या तर गेली सहा वर्षं आल्या नव्हत्या. आबा स्वतः घ्यायला आले होते. डोळे पुसत होते.

गावच्या सुना सकाळपासून माहेरी चालल्या आहेत. कोकिळा मात्र जात नाही. "यंदा इथंच राहते," म्हणाली. सव्वीस वर्षांत पहिल्यांदा! दर आखाजीला मी आठ दिवस खिचडीवर काढतो. मला गहिवरून आलं. तसं बोलून दाखवलं तर म्हणाली, "उद्या सदरा इस्त्रीचा घाला. आणि चष्मा विसरू नका."

३० एप्रिल, बुधवार. आखाजी

आजचं इतिवृत्त रजिस्टरमध्ये सात ओळींत आहे. जे झालं ते इथे लिहितो.

दहाला बंधाऱ्याजवळच्या महादेवाच्या देवळात बसलो. बावीस पुरुष. सगळ्यांना घाई, कारण आमराईत पत्त्यांच्या सतरंज्या अंथरून तयार होत्या. आखाजीला पत्ते कुटले नाहीत तर पितरांची घागर पावत नाही, अशी इकडे पुरुषांची श्रद्धा आहे. भूपेंद्र पांढऱ्याशुभ्र कपड्यांत, मांडीवर पेढ्यांचा खोका.

मागचं इतिवृत्त वाचलं. गाळ काढायचं ठरलं. "आते पाटकरी," आबा म्हणाले, "भूपेंद्रनं नाव लिख." मी पेन उघडलं.

तेवढ्यात गौराईची गाणी जवळ यायला लागली. दर वर्षी हा घोळका झोक्यावरून नदीकडे जातो. आज तो देवळाकडे वळला. दार भरलं, ओसरी भरली, खाली पायऱ्या भरल्या. नव्या साड्या, हातभर बांगड्या, कडेवर पोरं. सगळ्या गावच्या लेकी; शेवंताबाई सोडल्या तर एकही सून नाही. गाणं थांबलं.

"पोरीहो," आबा मायेनं म्हणाले, "गौराई नदीवर ऱ्हास. आठे सभा शे."

"माहीत शे, भाऊ," लिलाबाई म्हणाल्या. "सभालेच उनूत." आणि त्यांनी आबांपुढे एक कागद ठेवला. मग दुसरीनं ठेवला, तिसरीनं ठेवला. सातबाऱ्याचे उतारे. प्रत्येकाच्या खाली माझ्या दुकानाचा ठसठशीत शिक्का. मला एकदम खूप उकडायला लागलं.

"सचिव, सांग यासले," आबा म्हणाले. "पाहुणीसले मत ऱ्हास का?"

मी रजिस्टरचं पहिलं पान उघडलं. समितीची नियमावली २००९ साली मीच लिहिली, हिरव्या शाईनं. नियम सात. आबांनी डोळ्यानं खूण केली, 'राहू दे.' मला ती दिसली. चष्मा होता, त्यामुळे दिसली नाही असं म्हणायला जागा नाही. एक क्षण वही मिटता आली असती. पण पायऱ्यांच्या खाली, सगळ्यांच्या मागे, कोकिळा उभी होती आणि माझ्याकडे अशी बघत होती, जसं दहावीच्या निकालाला आपण पोराकडे बघतो. मी वाचलं:

"फडातील क्षेत्राच्या सातबारा उताऱ्यावर नाव असलेल्या प्रत्येक व्यक्तीस, स्त्री असो वा पुरुष, एक मत राहील."

आबांनी माझ्या कानाशी तोंड आणलं. "'स्त्री असो' कोन्ही लिखं?"

"मीच, आबा. धुळ्याच्या शिबिरात नमुना दिला होता. जसाच्या तसा उतरवला."

"मंग वाचाले नको व्हतं."

"वाचून झालं."

एक भाऊ तावातावानं उठला, "हाई चालाव नही!" त्याची बहीण पायरीवरूनच म्हणाली, "बस रे खाले. हक्कसोडले मन्ही सही लागस ना तुले? साडी दखाडी का अजून?" तो बसला. त्याच्याबरोबर उठायच्या बेतात असलेले आणखी पाच-सहा जण बसलेलेच राहिले.

आबांचा आवाज चढला. "मी अध्यक्ष शे. सासरे गयेल पोरीनं नाव आठे धरता येत नही."

"काढी टाक मन्हं नाव," लिलाबाई शांतपणे म्हणाल्या. "पन पहिले मन्हा वाटा मोजी दे. आजच. मन्हा जवाई मोजनीवाला शे, फोन लावू का?"

भूपेंद्रच्या खोक्यावर एक माशी घोंघावत होती. आबा बहिणीकडे बघत राहिले. काल एसटीवर डोळे पुसलेले आबा. मग त्यांनी टोपी काढून मांडीवर ठेवली आणि म्हणाले, "कोनं नाव शे तुमनं?"

"कुंदा. लोटननी कुंदा."

"ती कोठे शे?"

खरंच, कुंदाबाई नव्हत्याच. मी फोन लावला. पलीकडून पाण्याचा आवाज आणि त्यावरून ओरडून: "थांबा! पानी वळाईसन येस!" फोन बंद.

मग आखाजीची सभा वीस मिनिटं थांबली. लेकी सातबाऱ्यांनी वारा घेत होत्या. पेढ्यांना घाम सुटला. पुरुष आमराईकडे बघत होते. लिलाबाईंनी आबांना विचारलं, गोळी घेतली का सकाळची, आणि आबांनी मान हलवली.

कुंदाबाई आल्या त्या गुडघ्यापर्यंत चिखलात. पाय खराब म्हणून देवळात आल्या नाहीत, पायरीशी उभ्या राहिल्या.

"करशी का पाटकरीनं काम?" आबांनी विचारलं.

"तीन सालपाईन करस, आबा. आते इचारी ऱ्हायनात." मग जरा थांबून, "पन एक गोठ शे. पाळी शेवटना वावरपाईन सुरू करसू. तोंडपाईन नही."

आता मात्र पुरुषांमध्ये खरा गलका झाला. पाळी कायम पाटाच्या तोंडापासून सुरू होते. तोंडाचे लोक तृप्त होऊन घरी जातात, आणि खाली पाट फुटो, चोरी होवो, त्यांना पर्वा नसते. कुंदाबाईंनी तेच सांगितलं. खालून सुरू केलं तर वरचे लोक आपली पाळी येईपर्यंत पाट डोळ्यात तेल घालून राखतील. एकट्या पाटकऱ्याला राखावा लागणार नाही. शेवंताबाई मागून म्हणाल्या, "आनि मन्हा गहू राते नही, दिवसमा भिजी, माले दखाई तरी."

हात वर झाले. मेंदीचे चौतीस. पुरुषांतले चार. भूपेंद्रसाठी नऊ. बाकीचे आपापल्या बहिणीकडे बघत मांडीवर हात ठेवून बसले. आबांनी हात वर केला नाही, पण "लिख" म्हणाले.

मी लिहिलं. मी कोणाच्याच बाजूनं हात वर केला नाही. हातात पेन होतं. घरी आल्यावर कोकिळेला तसं सांगितलं तर म्हणाली, "पेन डाव्या हातात धरता येतं."

तिनं आज मत दिलं नाही. बाहेरच उभी होती. तिचं नाव इथे कुठल्याच उताऱ्यावर नाही, हे मला जेवताना लक्षात आलं. मग तारीख बदलायची विनंती घेऊन ही का आली होती ओट्यावर? पुरणपोळी चांगली झाली होती, मी जास्त विचार केला नाही.

जाता जाता: भूपेंद्रनं पेढे वाटले. विकत आणलेले परत कसे न्यायचे, म्हणाला. पहिला कुंदाबाईंना दिला. हे मला अपेक्षित नव्हतं.

४ मे, रविवार

कुंदाबाई चार दिवस माहेरी गेल्या. जाताना फावडं लोटनकडे आणि लोटन आमच्याकडे सोपवून गेल्या. लोटन पाटाच्या कडेला खुर्ची टाकून बसतो आणि चौघांना ओरडून सूचना देतो. काल या सूचनांनी पाणी स्मशानात गेलं. आज स्मशानात छान गारवा आहे.

आमराईतल्या पत्त्यांत मी हरलो. आबा जिंकले. तेवढंच त्यांचं.

९ मे, शुक्रवार

सकाळी कोकिळेनं एक अर्ज पुढे ठेवला, "सही करा." मी नेहमीप्रमाणे न वाचता केली. वर तलाठी कार्यालय असं काहीसं होतं. दुपारी म्हणाली, आता मी पण तुमच्या वावरात पाय ठेवू शकते. मी म्हणालो, आजवर कोणी अडवलं होतं? ती फार वेळ हसली.

अंगणात पुन्हा बायका जमताहेत. या वेळी बिबड्यांचा बहाणासुद्धा नाही. शेजारच्या गावाच्या फडातल्या दोघी आल्या आहेत. त्यांना नियमावलीची झेरॉक्स हवी आहे.

१३ नोव्हेंबर, गुरुवार

गव्हाची पहिली पाळी. खालून सुरू झालेली. शेवंताबाईंचं शेत परवा दिवसाढवळ्या भिजलं. त्या बांधावर खुर्ची टाकून बघत बसल्या होत्या, कीर्तनाला बसावं तशा. मधल्या काळात एकदाही पाट फुटला नाही. तोंडाकडचे लोक रोज सकाळी पाट बघून येतात. आबासुद्धा. कुंदाबाईंचं गणित बरोबर आलं, आणि हे मी समितीच्या सभेत बोलूनही दाखवलं. पेन डाव्या हातात धरून.

आज माझी पाळी दुपारी बारा ते चार. माझ्यानंतर भूपेंद्रची, सहापर्यंत. सहाला पाणी दुसऱ्या फडाकडे जातं. तीनच्या सुमारास पलीकडच्या फडाची चारी फुटल्याचा निरोप आला. कुंदाबाई धावल्या. जाताना मला म्हणाल्या, "शेवटला वाफा भरना का फोन करजात, सचिवभाऊ." भूपेंद्र तिथेच होता, आपल्या पाळीची वाट बघत, त्यानं पँट दुमडली, फावडं घेतलं आणि त्यांच्यामागे पळाला.

माझा शेवटचा वाफा चारला भरला. फोन खिशात होता. पाणी वाफ्यावरून हळूहळू सरकत होतं, ऊन त्यावर चमकत होतं, आणि गव्हाला जरा जास्त ओल मिळाली तर कोणाला वाईट वाटेल? असं वाटलं. फडाच्या नियमाप्रमाणे मी पाण्याला हात लावायचा नाही. मी लावला नाही. नियम अगदी तंतोतंत पाळला.

पाच वाजता कुंदाबाई आल्या, अंगभर चिखल. वाफ्याकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं, आणि पाणी वळवलं. "फोन ऱ्हाई गया का?" एवढंच विचारलं. मी म्हणालो, रेंज नव्हती.

भूपेंद्रला एकच तास मिळाला. त्याचे खालचे वाफे कोरडे राहिले. तो त्या वेळी चारीत कमरेपर्यंत उभा होता, पोतं दाबून धरून. सहा वाजता वर आला तेव्हा म्हणाला, "जाऊ द्या सचिवभाऊ, चारी वाचली." गॉगल डोक्यावर तसाच होता, एका काचेवर चिखल.

रेंज होती. पूर्ण होती.

३ डिसेंबर, बुधवार

दुसरी पाळी. आज माझी वेळ सकाळी आठ ते बारा, माझ्यानंतर भूपेंद्र.

अकरा वाजता मी कुंदाबाईंना म्हणालो, "बस झालं."

त्यांनी मोबाइलवर वेळ बघितली. "अजून एक तास शे तुमना."

"पुरे."

"ते चार वाफा कोरडा शेतस."

"मला दिसताहेत."

त्या फावड्यावर हात टेकून क्षणभर उभ्या राहिल्या.   वाकल्या, माझ्या बाऱ्याला, म्हणजे शेतात पाणी शिरतं त्या तोंडाला, माती लावली आणि वरच्या अंगाला तोंड करून ओरडल्या, "भूपेंद्रभाऊ! या, तुमना नंबर लागना!"

"इतला लवकर?"

"सचिवभाऊना गहू धापना! पोट भरनं त्यानं!"

तो पळतच आला. मी चपला हातात घेऊन बांधावरून निघालो. माझ्या मागे पाणी त्याच्या शेतात शिरल्याचा आवाज आला.

पाळीचं रजिस्टर हल्ली कुंदाबाई भरतात. संध्याकाळी तपासायला आणलं. आजच्या तारखेला माझ्या नावापुढे 'तीन तास' आणि भूपेंद्रच्या नावापुढे 'तीन तास' असं लिहिलेलं होतं. पानं मागे उलटली तर १३ नोव्हेंबरला माझ्या नावापुढे 'पाच' आणि भूपेंद्रच्या नावापुढे 'एक' होता.

मी दोन्ही पानांवर सही केली आणि वही परत दिली.